सुबक व नामनिर्देशित

2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईच्या शेजारी बाबांना भाजी निवडायला बसवले, तेव्हाच आमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. आज भाजी, उद्या चंचुपात्र! आता विज्ञानाच्या पुस्तकांतलीही चित्रे बदला, म्हणतात. अहो, त्यात बदलायचे काय? मुलगा परीक्षानळी दिव्यावर धरतो, मुलगी बाजूला उभी राहून 'अय्या, रंग बदलला' अशा चेहऱ्याने बघते. निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी, असे तुम्हीच शिकवता ना? मग ती पहिल्या पायरीवर उभी आहे. तक्रार कसली?

शिवाय बाईला पुस्तकात जागा नाही, हे धादांत खोटे. पचनसंस्था पुरुषाची, श्वसनसंस्था पुरुषाची, मेंदू तर त्याचाच, हे मान्य. पण प्रजननाचा धडा आला की बाई हजर! आता तो धडा बरेच गुरुजी 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात, त्याला चित्रकार काय करणार?

रंगाचेही तेच. त्वचेच्या धड्यात मेलॅनिन समजावून सांगायचे आणि शेजारी गुलाबी गालांचा पोरगा काढायचा, यात विसंगती कुठे आहे? त्याच्याकडे ते कमी, म्हणून तर त्याला समजावावे लागते. अक्कलकुव्याच्या भिल्ल मुलीला आपल्यासारखे कोणी बघायचेच असेल, तर तिने भूगोलाचे पुस्तक उघडावे. तिथे आदिवासी असतात, ढोलासकट. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला, तर ढोल कोण वाजवणार?

आता कोणीतरी कमला सोहोनींचे नाव काढणारच. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या बाई, म्हणजे लग्नापूर्वीच्या कमला भागवत, 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतले. पुढे 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट, मग नीरेवर संशोधन, सगळे रीतसर झाले. पण याचे चित्र काढायचे कसे? बंद दाराबाहेर बसलेली बाई काढली, तर पोरे विचारणार, आत कोण आहे? आणि आतल्या गृहस्थांचा फोटो तर फेट्यासकट आधीच छापलेला!

तरी आम्ही काळाबरोबर चालणारे. नव्या आवृत्तीत चंचुपात्र मुलीच्या हाती खुशाल द्या. प्रयोग झाला की विसळूनही तीच ठेवील. शिपाईमामांना तेवढीच उसंत.