तू बघून ये, मी बसते

तंजावरच्या स्टेशनावर उतरल्याबरोबर माझी चाल बदलली. एकोजीराजांनी सतराव्या शतकात हे राज्य घेतलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते गिळलं. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं 'आपण' इथे राज्य केलं. आमच्या घराण्याने आजवर दिलेली सर्वांत मोठी लढाई भाडेकरूविरुद्धची, आणि तीही तडजोडीत मिटलेली. पण 'आपण' म्हणताना एवढा हिशेब कोण ठेवतो? रिक्षात बसताना मी मुद्दाम खणखणीत मराठीत बोललो, जुनी रयत वळून बघेल म्हणून. रिक्षावाल्याने वळून बघितलं आणि आपुलकीने विचारलं, "गुजरात?"

आईला यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तिला आधी कॉफी हवी होती.

कॉफीच्या आधी इडली आली, इडलीबरोबर सांबार आलं आणि माझ्यातला इतिहासकार सरसावून बसला. गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे: संभाजीराजे पाहुणे आले, आमटीत घालायला आमसूल नव्हतं, तंजावरच्या शहाजीराजांनी चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं. याला कागदोपत्री आधार नाही हे मला ठाऊक आहे. पण आधार लागतो तो ज्ञानाला, अभिमानाचं त्यावाचून अडत नाही.

"राजा स्वतः आमटी करत होता?" आईने विचारलं.

"हौस होती म्हणतात."

"मग खोटं आहे. हौशी पुरुषाला आमसूल सापडलं नाही तर तो चिंच घालत नाही, घर डोक्यावर घेतो."

मला वाटलं, संपलं. पण ती सांबाराची वाटी उजेडाकडे धरून बघत होती. "आणि छत्रपती येणार, हे काय आदल्या रात्री कळलं? आठ दिवस आधी सांगावा आला असेल. तोवर आमसूल आहे की नाही कुणी बघितलंच नाही? आणि मुळात भोसले कुठले?"

"वेरूळचे. देशावरचे."

"देशावर आमटीला काय घालतात?"

चिंच-गूळ घालतात. माझ्या जन्मापासून तिनेही तेच घातलं आहे. मी 'रायगड कोकणात येतो' असा दुबळा बचाव करून पाहिला.

"तू इतकी वर्षं बंगळुरात राहतोस. तिथलं गोड सांबार आवडायला लागलं का?"

"नाही."

"मग!" आई म्हणाली आणि तिने आणखी एक वाटी सांबार मागवलं. गेली कित्येक वर्षं मी अमराठी मित्रांना ऐकवत आलेली ही गोष्ट अशी दोन इडल्यांत निकालात निघाली.

बृहदीश्वराच्या दारात चपला काढल्या. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं देऊळ, दोनशे फुटांच्या वर गेलेलं विमान. मी मान वर करून नेमकं कुठून बोलायला सुरुवात करावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "तू बघून ये, मी बसते इथे."

या वाक्याची मला चीड आहे. अजिंठ्याला आम्ही सगळे वर गेलो तेव्हा ती खाली पिशव्या सांभाळत बसली. रायगडला तेच, वेरूळला तेच. कुणी तिला 'बस' म्हटलं नाही आणि 'चल' असंही कुणी नेटाने म्हटलं नाही. घरातल्या सगळ्या अल्बमांत देवळं आहेत, लेणी आहेत, आम्ही आहोत. ती कुठेच नाही, कारण डबे तिच्याकडे होते. तंजावरचा बेत मी त्यासाठीच केला होता. आणि आता सोबत सांभाळायला दुसरं कुणी नसतानाही ती मांडीवर पिशवी घेऊन बसायला जागा शोधत होती.

मी रागारागाने एकटाच आत गेलो. एक गाईड शेजारच्या घोळक्याला सांगत होता की या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही. मी बाहेर येऊन पाहिलं. विमानाच्या पश्चिमेला चांगली ऐसपैस सावली पडली होती आणि आई तिच्यात बसली होती.

म्हणजे, बसली होती ती तिची पिशवी. आई तिथून उठून आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीसमोर उभी होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये इथे भोसल्यांचा सगळा इतिहास दगडात कोरून घेतला आहे, मराठीत. मी तो शेवटी, नाट्यमय पद्धतीने दाखवणार होतो.

"देवनागरी आहे रे," ती म्हणाली. तमिळ पाट्यांच्या गावात सकाळपासून निरक्षर झालेली बाई एकदम भरभर वाचायला लागली. बोट हवेत ओळीखालून सरकत होतं. आयुष्यभर पाचवी ते सातवीच्या वह्या तपासलेलं बोट ते. मग ते थबकलं.

"इथे दीर्घ हवा."

"आई, हा शिलालेख आहे."

"मग? खोडता येत नाही म्हणून तर आधी नीट लिहायचं."

दुपारी फरशी तव्यासारखी तापली तेव्हा ती नाइलाजाने निघाली. वाटेत तिने सरफोजींना शेरा दिला: मजकूर भरपूर, अक्षर वळणदार, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. सरस्वती महाल, दरबारातला फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा, मोडी कागदांबद्दल मी घोकून आणलेली माहिती, हे सगळं तिने तासाभरात उरकायला लावलं. पुतळ्याकडे मात्र ती जरा रोखून बघत राहिली. लेखकाला प्रत्यक्ष पाहून घेत असावी.

उन्हं उतरल्यावर आम्ही परत देवळात. पिशवी माझ्या मांडीवर देऊन ती भिंतीकडे गेली. पिशवीत काय काय होतं म्हणता? मेतकूट, छत्री, अमृतांजन आणि घरून आणलेली आमसुलं.

बऱ्याच वेळाने मी जाऊन विचारलं, "कुठवर आलं?"

"एकोजीपर्यंत," ती मागे न बघता म्हणाली. "मध्ये बोलू नकोस, ओळ चुकते."