जोडपं कोण बसणार?

लग्न न केलेल्या माणसाचं आयुष्य अजून सुरू व्हायचं आहे, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. म्हणून त्याचा वेळ मोकळा, पैसा वरकड आणि घर तात्पुरतं. मी चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी, ठाण्यात राहणारी बाई आहे. मला कुणी टाकून बोलत नाही. नातेवाईक, शेजारी मायेनेच वागतात. माझी तक्रार त्या मायेत मिसळलेल्या बारीकसारीक गोष्टींची आहे. सांगितल्या की लोक हसतात, आणि हसून झालं की पुन्हा तेच करतात.

नात्यातल्या लग्नाला आदल्या दिवशी कार्यालयात पोहोचलं की खोल्या जोडप्यांना आणि लेकुरवाळ्यांना दिलेल्या असतात. मला हॉलमध्ये गादी, कॉलेजातल्या मुलींच्या रांगेत. ‘तुला काय, कुठेही चालेल,’ असं मावशी म्हणते. मला कुठेही चालत नाही. माझी कंबर दुखते, दिवे चालू असले की झोप लागत नाही, आणि साडी नेसायला कडी लावता येईल अशी जागा लागते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या भाचीला मात्र लग्न होताच स्वतंत्र खोली मिळू लागली.

सहलींच्या जाहिरातीतले दर एका खोलीत दोघं, या हिशोबाने छापतात. एकटीने खोली मागितली की वरचे पैसे. खोलीचं भाडं माणसं मोजून ठरत नाही, हे मला पटतं. पण तो फरक नेमका कशाचा, हे मांडून दाखवा म्हटलं तर कुणी दाखवत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते घराच्या बाबतीत. भाड्याचं घर शोधताना एजंटचा पहिला प्रश्न ‘फॅमिली आहे का?’ आई अधूनमधून राहायला येते म्हटलं की मालक जरा सैल व्हायचा. पुढे मी स्वतःचा फ्लॅट घेतला. कर्जाच्या कागदांवर माझी एकटीची सही, हप्ता माझ्या पगारातून. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही मिळाली. सरकारी दफ्तरात मालकीण मी. वास्तुशांतीचं ठरवायला गुरुजी आले आणि त्यांनी विचारलं, ‘जोडपं कोण बसणार?’

दादा-वहिनी नाशिकहून आले आणि बसले. संकल्पात दादाचं नाव उच्चारलं गेलं. मी आत प्रसादाचा शिरा ढवळत होते. दादा-वहिनींबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. ते रजा काढून आले होते. पण ज्या वास्तूची शांत होत होती तिच्याशी त्यांचा संबंध पाहुण्यांचा होता. बायको नसेल तर पुरुष कमरेला सुपारी लावून पूजेला बसू शकतो, हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. एकट्या बाईसाठी अशी सोय कुणी केली नाही. ती करता येत नाही असंही नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्री पुरोहित घडवल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. एका गावाला जे जमलं ते आमच्या सोसायटीला हळदीकुंकवाची बोलावणी करताना का जमू नये?

कायदाही याच वळणाने जातो. एकटी बाई मूल दत्तक घेऊ शकते, मुलगा असो वा मुलगी. २०२१च्या सरोगसी कायद्याने मात्र एकट्या बायकांपैकी ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित यांनाच वाव ठेवला. लग्न मोडलेलं चालतं, नवरा गेलेला चालतो. मुळात लग्नच न केलेली चालत नाही. मला स्वतःला मूल नको आहे, तरी हे कलम वाचून मी चिडले. २०११च्या जनगणनेनुसार विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित मिळून देशात सात कोटींहून अधिक एकट्या स्त्रिया आहेत. इतक्यांचं आयुष्य एवढ्या सहज गृहीत धरू नये.

ऑफिसात दिवाळीची ड्यूटी दर वर्षी माझ्याकडे येते, कारण बाकीच्यांना ‘घरी मुलंबाळं आहेत’. त्यांची अडचण खरी आहे. पण माझ्याही दाराला तोरण लागतं, चकल्या मीच तळते आणि लक्ष्मीपूजनाला आई येते. यंदा त्या दिवसाची रजा मी जुलैतच मागितली आहे. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवून ‘बाकीच्यांचं बघून सांगतो’ म्हटलं. मी त्यांना सांगितलं, त्या बाकीच्यांत मलाही धरा.