सहा महिन्यांचे यजमान

युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरतं. जानेवारी 2009 मध्ये, बँका गटांगळ्या खात असताना, ते चेक प्रजासत्ताकाकडे आलं. सलामीलाच ब्रसेल्समध्ये चेक शिल्पकार दाव्हिद चेर्नी यांचं अवाढव्य शिल्प टांगलं गेलं. 27 देशांच्या 27 कलावंतांचं म्हणे. निघालं चेर्नी आणि त्यांच्या मित्रमंडळींचं. त्यात एकेक देश चितारलेला, आणि बल्गेरिया म्हणजे शौचकूप! त्यावर शेवटी काळं कापड टाकावं लागलं.

राष्ट्राध्यक्ष क्लाउस यांना तर संघाचा झेंडाही प्रागच्या किल्ल्यावर नको होता. 24 मार्चला अविश्वास ठरावावर पंतप्रधान टोपोलानेक यांचं सरकार पडलं आणि दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ युरोपीय संसदेत अमेरिकेच्या खर्चिक अर्थयोजनेला ‘नरकाचा रस्ता’ म्हणाले. सामान बाहेर निघालेल्या भाडेकरूनं सोसायटीला शिस्त शिकवावी, तसं. मे महिन्यात सूत्रं सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख यान फिशर यांच्याकडे गेली. निदान आकडे वाचता येणारा माणूस मिळाला!

जानेवारीत रशिया-युक्रेनच्या भांडणात अडकलेला युरोपचा गॅस सुरू व्हावा म्हणून टोपोलानेक यांनी केलेली धावपळ मात्र खरी. त्याचे गुण द्यायलाच हवेत. बाकी उत्तरपत्रिका तपासण्यात अर्थ नाही, विद्यार्थी मध्येच बदलला होता.