गोळी नको, कप आवरा

पुरुषांच्या वृषणांपर्यंत प्लास्टिक पोचलं आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये 23 माणसांचे आणि 47 कुत्र्यांचे नमुने तपासले, त्यातला एकही स्वच्छ निघाला नाही. कुत्र्यांपेक्षा माणसांत प्लास्टिकचं सरासरी प्रमाण जवळजवळ तिप्पट. सगळ्यांत जास्त सापडलं पॉलिइथिलीन, आपल्या दुधाच्या पिशवीचं. ज्या कुत्र्यांत पीव्हीसी जास्त होतं, त्यांच्यात शुक्राणू कमी आढळले. माणसांचे नमुने रसायनात जपून ठेवलेले, त्यामुळे त्यांचे शुक्राणू मोजता आले नाहीत.

आता उतारा म्हणून वनस्पतींचं नाव पुढे येतंय. त्यामागचं विज्ञान खरं आहे. शुक्राणूचं आवरण नाजूक स्निग्ध पदार्थांचं असतं आणि स्वतःला सावरायला लागणारी विकरं त्याच्याकडे फारच थोडी. प्लास्टिकमुळे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की पहिला घाव तिथेच बसतो, आणि वनस्पतींतली काही द्रव्यं हाच ताण कमी करतात. पाकिस्तानात फैसलाबादला उंदरांना पॉलिस्टायरिनचे कण देऊन वृषणांचं नुकसान घडवलं गेलं आणि सोबत पिनोस्ट्रोबिनसारखी वनस्पतिजन्य द्रव्यं दिल्यावर ते बरंच कमी झालं. काम मोलाचं आहे.

पण अशा प्रत्येक प्रयोगात उंदरांचा आणखी एक गट असतो, ज्याला प्लास्टिक मुळी दिलेलंच नसतं. औषध किती लागू पडलं हे त्याच्याशी ताडून ठरवतात, कारण निरोगी उंदीर तोच. त्याच्याबद्दल कुणी बातमी लिहीत नाही. माणसांत तर हा गट शोधायचा कुठे? तेवीसच्या तेवीस जणांत प्लास्टिक होतं!

शिवाय उंदरावर चाललं ते माणसावर चालेलच असं नाही. वीर्यात दोष असलेल्या 171 पुरुषांवर अमेरिकेत एक चाचणी झाली, निष्कर्ष 2020 मध्ये आले. अर्ध्यांना क आणि ई जीवनसत्त्व, झिंक, टोमॅटोतलं लायकोपीन अशी हाच ताण कमी करणारी द्रव्यं एकत्र करून दिली, बाकीच्यांना नुसती बिनऔषधी गोळी. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ती चाचणी प्लास्टिकसाठी नव्हती हे मान्य. तरी रेल्वेच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ रंगवणाऱ्यांच्या हाती उद्या हा नवा माल लागणार आहे, तेव्हा ती आठवावी. मूल होत नाही म्हणून आधी बायकोच्या तपासण्या करायच्या आणि नवऱ्याने वीर्यतपासणी टाळत गुपचूप गोळ्या घ्यायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. तिला आता विज्ञानाचा टेकू मिळता कामा नये.

हळद खा, कांदा खा, आवळा खा, जरूर खा. पण टपरीवर हातात येतो त्या कागदी कपाच्या आत बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागतं ते प्लास्टिकचं अस्तर, बहुधा पॉलिइथिलीनचंच. खरगपूरच्या आयआयटीने 2020 मध्ये दाखवलं की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्मकण उतरतात. ऑफिसात पार्सल चहा पातळ पिशवीत गाठ मारून येतो आणि मग याच कपांत ओतला जातो.

महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली. जुलै 2022 मध्ये अस्तर लावलेले कप, ताटल्या, वाट्याही तिच्यात आल्या. म्हणजे तो कप आजही बेकायदाच आहे, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. बंदीची कारवाई टपरीवाल्याच्या दंडापाशी थांबते, कप बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जात नाही. तिथे जा. आणि ऑफिसांनी काचेचे ग्लास परत आणावेत, ते विसळणाऱ्या माणसाला नीट पगार द्यावा. एवढा खर्च कुठल्याही कंपनीला झेपतो.