सातबाऱ्यावर नसलेली जमीन

व्हिस्कीचा नाद लागला म्हटलं की लोकांना गटार आठवतं. माझा नाद वाढला तसं पिणं कमी होत गेलं आणि बोलणं वाढत गेलं. घरच्यांच्या मते, पहिलंच परवडत होतं.

मित्रांच्या लग्नात सोड्यात बुडवून, नाक दाबून घोट घेत होतो तोवर काळजीचं कारण नव्हतं. एकानं सिंगल माल्ट पुढं केली आणि म्हणाला, "आधी वास घे." तिथं घात झाला. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, आंबवायचे आणि तांब्याच्या भट्टीत गाळायचे, हे मी घरी रंगवून सांगू लागलो. बायको मोड येईपर्यंत थांबली, पुढं मटकी निवडायला गेली.

कायदा मात्र माझ्या बाजूचा. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा तो परवाना मिळतो आरोग्य राखण्यासाठी! मी तो दाखवला. बायकोनं माझा शुगरचा रिपोर्ट दाखवला.

खरी पंचाईत गावाकडं. आमचं महाळुंगे पडवळ म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला, ऐन बाविशीतला गिरणी कामगार. त्या गावात स्कॉच घेऊन एसटीतून उतरताना पिशवी आपोआप पाठीमागं जाते. म्हणून मी स्वदेशीकडं वळलो. बंगळूरच्या 'अमृत'वाल्यांनी 2004 साली आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोत. आळंदीत जाऊन आळंदीकरांना ज्ञानेश्वरी सांगण्याची ही हिंमत! पिंपात मुरताना स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के माल हवेत उडतो, बंगळूरच्या उन्हात दहा-बारा. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, हे सांगितलं तर म्हणाले, "आडत्या बरा की मग."

पण नाद स्वदेशीवर थांबतो होय? स्कॉटलंडात आयला नावाचं बेट आहे. (बेटाचंच नाव आहे, मी वैतागलेलो नाही.) तिथं दलदलीतली, शतकानुशतकं कुजलेल्या झाडापाल्याची माती कापून वाळवतात, जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात. तिथल्या लफ्रॉइग व्हिस्कीचं बूच मी ओसरीवर उघडलं. आई आतून धावत आली, "कुणाला लागलं रे? आयोडीनचा वास येतोय."

लफ्रॉइगवाल्यांची 1994 पासून एक योजना आहे. बाटलीसोबतचा क्रमांक नोंदवला की बेटावरची एक चौरस फूट जमीन तहहयात पट्ट्यानं तुमची. म्हणजे गुंठ्याचा 1089 वा भाग. वर भाडं तेच तुम्हाला देणार, वर्षाला एक पेग. फक्त तो तिथं जाऊन घ्यायचा.

बांध वीतभर सरकला म्हणून दोन पिढ्या अबोला धरलेल्या आमच्या घरात हा कागद थट्टेवारी नेला जाणं शक्यच नव्हतं. तात्यांनी चष्मा लावला. उताऱ्यावर बोट फिरवावं तसं त्या प्रमाणपत्रावर बोट फिरवलं.

"चतुःसीमा कुठंयत?"

"नाहीत."

"मोजणी?"

"नाही झाली."

"वाट हाय का जायला?"

"विमान, मग बोट."

"आन् खंड ते देणार? कब्जा त्यांचा, खंड त्यांचा. उद्या कूळ म्हणून नाव लावतील आन् तू बसशील घोडेगावला तहसीलच्या पायऱ्यांवर."

मी गप्प. तात्यांनी कागदाची घडी घातली, पण परत दिली नाही.

"शेजारचा फूट कुणाचा?"

"माहीत नाही. असेल कुणी जपानी."

"त्याला इचार, काढतोय का. सलग झाल्याबिगर तुकड्याला भाव न्हाई."