माळकऱ्याच्या वाट्याची बाटली

क्रूझच्या बोटीवर चढताना दर प्रौढ प्रवाशामागे 750 मिलीलिटरची एक सीलबंद वाइनची बाटली नेता येईल, या नियमावलीतल्या एका ओळीने माझ्या सासऱ्यांचा भाव एकाएकी वधारला. नाना माळकरी. पण गळ्यात माळ असली तरी माणूस प्रौढ तो प्रौढच. त्यामुळे त्यांच्या नावावर एक बाटली निघत होती आणि सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, नावावर दुसरी. न पिणाऱ्या दोघांच्या या बाटल्या हिशेबात दिसल्यापासून माझा मेहुणा वडिलांशी फार आदराने बोलू लागला. एका रविवारी नाशिकजवळ गंगापूर धरणाकाठी वाइन चाखून आल्यापासून तो कोकम सरबताचा ग्लासही गोल फिरवल्याशिवाय तोंडाला लावत नाही.

नाना भडकतील, अशी आमची खात्री होती. पण नाना राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्याची दारू पकडण्यात गेली. त्यांनी चष्मा लावला आणि बोटीची नियमावली 1949 च्या दारूबंदी कायद्यासारखी कलमवार वाचून काढली. बाटली फक्त वाइनची किंवा शॅम्पेनची. व्हिस्की, रम, बिअर नाही. सील शाबूत हवं. हातातल्या सामानातच हवी. न्यायची ती पहिल्या दिवशी चढताना.

"परवान्याचा उल्लेख कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

"परवाना लागत नाही हो नाना तिकडे," मी म्हणालो.

"असं कसं लागत नाही? आपल्याकडे एका दिवसाचासुद्धा परवाना असतो!"

मग त्यांनी इतर कंपन्यांची तुलना केली. कार्निव्हलवर माणशी एक, डिस्नेच्या बोटीवर माणशी दोन, नॉर्वेजियनवर हव्या तेवढ्या न्या, पण दर बाटलीमागे पैसे मोजा. "धोरणात एकवाक्यता नाही," असा शेरा मारून त्यांनी संमती दिली. नियमात बसतंय म्हटल्यावर नानांची ना नव्हती.

बार्सिलोनाहून बोट सुटायची होती. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथल्या सुपरमार्केटात गेलो. आपल्याकडे डाळी-कडधान्यांना असते तेवढी भिंत तिथे वाइनला दिलेली. पाच युरोला बरी बाटली मिळत होती. मेहुणा 'ओकची झाक', 'चेरीचा गंध' वगैरे पुटपुटत फिरत होता, तोही बाटल्या बंद असताना. नानांनी मात्र रिओहाची एक बाटली उचलली, उलटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. मागच्या बाजूला तिथल्या नियामक मंडळाची छापील चिठ्ठी होती आणि तिच्यावर क्रमांक होता.

"नंबर आहे! म्हणजे नोंद आहे. घ्या ही."

मेहुण्याला कावा हवी होती; ती फेसाळ वाइन मुख्यतः बार्सिलोनाच्या शेजारच्या पेनेदेस भागात होते. शेवटी नानांच्या वाट्याला रिओहा आली आणि माईंच्या वाट्याला कावा. नानांनी बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. पिशवीतला हरिपाठ त्याआधीच सदऱ्याच्या खिशात हलवला होता.

बंदरावर एक्स-रेचा पट्टा होता. नाना ताठ उभे. जन्मभर ते त्या पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलेले. अलीकडून अनुभव पहिलाच. तरुण अधिकाऱ्याने रिओहा बाहेर काढली, सीलवरून अंगठा फिरवला आणि हसून परत दिली.

"तपासणी वरवरची आहे," नाना माझ्या कानाशी कुजबुजले. "बुचाला हात लावला, बूड पाहिलंच नाही."

माईंची कावा तशीच पुढे सरकली. मग त्याच अधिकाऱ्याने माईंच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच लसणाच्या चटणीचा वास टर्मिनलभर पसरला. पाठोपाठ लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. कारखान्यातल्या सीलबंद पाकिटातला चिवडा चालेल, घरी केलेलं काहीही चालणार नाही, असा नियम त्याने नम्रपणे सांगितला.

"बाटली चालते आणि बरणी चालत नाही?" माईंनी अस्सल मराठीत विचारलं. "अरे, त्या बाटलीत काय घातलंय ते तुला ठाऊक आहे का? यात काय आहे ते मी सांगते, लिहून घे!"

माईंनी तेल-मिठाच्या प्रमाणासह कृती सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि बरणी बाजूला ठेवली. नानांनी बायकोची बाजू घेतली नाही. "सील नव्हतं," एवढंच म्हणाले. त्या रात्री माई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

वाइन चारचौघांत, पांढऱ्या टेबलक्लॉथवरच प्यायची, हा मेहुण्याचा हट्ट. डायनिंग हॉलमध्ये वेटरने रिओहा झोकात उघडली आणि सोबत 15 डॉलरची पावती ठेवली. आपलीच बाटली उघडल्याचे पैसे! खोलीत बसून प्यायलो असतो तर फुकट. मेहुण्याचा चेहरा पडला. नानांनी पावती दिव्याखाली धरली.

"पाच युरोच्या मालावर 15 डॉलर. म्हणजे जवळजवळ तिप्पट. यांना खातं चालवता येतं!"

बोटीच्या यादीत साधारण तसल्याच बाटलीला 45 डॉलर आणि वर 18 टक्के सेवाशुल्क होतं. ते वाचल्यावर मेहुण्याला 15 डॉलर गोड लागले.

बाकीच्या बाटल्या खोलीत, दात घासायच्या ग्लासांतून संपवायच्या ठरल्या. बूच काढायचं साधन कुणीच आणलेलं नव्हतं. ते घेऊन आलेला केबिन स्टुअर्ड निघाला मडगावचा. नानांनी नोकरीची काही वर्षं गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुली नाक्यावर काढली, हे कळताच तो खुर्चीच्या कडेवर टेकलाच. त्याने बोटीवरच्या चोरवाटा सांगितल्या: माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घातलेला जिन, सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये व्होडका, कपड्यांच्या घडीत चपट्या प्लास्टिकच्या पिशव्या. नाना ऐकत होते, पण बक्षीस द्यावं असं त्यांना काही वाटलं नाही.

"आमच्याकडे सायकलच्या ट्यूबमधून यायची," ते म्हणाले. "पोटाला गुंडाळून. माणूस जरा जास्त गरोदर दिसला की आम्ही ओळखायचो." स्टुअर्डने हात जोडले.

लिव्होर्नोला बोट लागली, तेव्हा मेहुण्याने मानेवर काळा कोंबडा असलेली कियान्ती क्लासिको घेतली. पहिल्या दिवसाचा कोटा संपलेला, म्हणून बोटीच्या जिन्यावरच ती काढून घेतली गेली. शेवटच्या रात्री परत मिळेल, असं सांगून चिठ्ठी दिली. मेहुणा हळहळला. नाना मात्र चिठ्ठी न्याहाळत बसले. मुद्देमालाचं वर्णन होतं, तारीख होती, खोली क्रमांक होता.

"पंचांच्या सह्या नाहीत, पण काम चोख आहे."

शेवटच्या रात्री कियान्ती खोलीत हजर झाली. सामान तर त्याच रात्री दाराबाहेर ठेवायचं होतं. घरी न्यावी की आत्ताच संपवावी, यावर खल सुरू झाला. भारतात माणशी दोन लिटर शुल्कमुक्त आणता येते, असं नानांनी जाहीर केलं आणि आपला आणि माईंचा मिळून चार लिटरचा कोटा मोकळा असल्याचं आपणहून सांगितलं. मेहुण्याचे डोळे भरून आले. माई म्हणाल्या, "चार लिटरची जागा असेल तर येताना लोणच्याला का नव्हती?"

उतरण्याआधी प्रत्येकाकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. मेहुण्याने जेवणाला, मी समुद्राला पैकीच्या पैकी गुण दिले. नानांनी सूचनांची पाठीमागची जागाही वापरली: दारूविषयक नियम उत्तम, अंमलबजावणी समाधानकारक, मात्र एक दिवसाचा परवाना छापावा, दर बंदरावर पंच नेमावेत आणि जप्तीची पावती तीन प्रतींत द्यावी. खाली सही, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त'. माईंनी तोच फॉर्म ओढून घेतला आणि नानांच्या सहीखाली देवनागरीत ठळक अक्षरांत चौथी सूचना लिहिली: बरणीला सील लावायची सोय बंदरावरच करावी.