जेवणाच्या सुट्टीतली पाचर

पंचतंत्रातली माकडाची आणि पाचरीची गोष्ट नीट वाचली, तर तो सुतारकामातल्या अपघाताचा पंचनामा आहे. देवळाचं काम चाललंय. सुतारांनी एक ओंडका निम्मा चिरलाय, फट मिटू नये म्हणून तीत खैराची पाचर ठोकलीय, आणि सगळे जेवायला गेलेत. मग माकड येतं, पाचर उपसतं आणि जिवाला मुकतं. तात्पर्य सांगणाऱ्यांनी सगळा दोष माकडाच्या नसत्या उठाठेवीवर टाकला. बाबांनो, अर्धं काम असं उघड्यावर टाकून निघालात कसे, हे सुतारांना कुणीच विचारलं नाही.

मला तर घरच्या सुतारकामातला खरा धोका त्या जेवणाच्या सुट्टीतच दिसतो. पातं फिरत असतं तेव्हा माणूस जपूनच असतो, आवाजच तसा असतो. घात होऊ शकतो तो काम थांबल्यावर.

आणि आमच्या बीड जिल्ह्यात काम थांबवायला माकड लागत नाही. लाइट जाते. परळीला 1971 पासून औष्णिक वीज केंद्र आहे, पण 2013च्या दुष्काळात पाण्यावाचून तेच बंद ठेवावं लागलं होतं. तर लाइट जाते, आपण ग्राइंडर टेबलावर ठेवतो आणि चहाला उठतो. बटण पुढे सरकवलेलं, ते तसंच. लाइट आली की मशीन आपली वाट बघत नाही.

विहिरीवरच्या मोटारीला हे शहाणपण आहे. तिच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि लाइट आली तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार उचलत नाही. पण रात्री-अपरात्री शेतात बटण दाबायला जायचं कुणी? म्हणून आपण तिथं ‘ऑटो’ बसवला. बऱ्याचशा स्वस्त हातमशिनींना मुळात ती कॉइलच नसते, त्या जन्मतःच ऑटो. त्यात आपली कल्पकता. फरशी कापायचा कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली आवळला, बटण लॉक केलं, की झाली घरची आरामशीन! मग पात्यावरचं गार्ड केळ्याच्या सालीसारखं सोलून फेकायचं. अशा वेळी कामाला येतो तो एकच उपाय, आणि तो फुकट आहे: लाइट गेली की प्लग उपसायचा. पातं बदलतानाही. बटण बंद आहे यावर विसंबायचं नाही.

मी पाहिलेले जुने सुतार तर उकिडवे बसून, लाकूड पायाच्या बोटांनी दाबून, वाकसाचे घाव आपल्याच पायाकडे घालायचे. बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हायचा. पण चहाला उठताना वाकस ओंडक्यात रुतवूनच उठायचे. अंगणात पोरंबाळं आहेत, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मनगटातल्या गंडे-दोऱ्यांचं, लोंबणाऱ्या टॉवेलचं आता वेगळं सांगत नाही. हातमोजे मात्र फिरत्या पात्यापाशी मुळीच नकोत. चिमूटभर कापड गुंतलं, की पातं आख्खा हात ओढून घेतं.

भुशाचा धोकाही काम थांबल्यावर संपत नाही. मशीन थांबली की तोंडावरचा मास्क आपण हुश्श करत काढतो, आणि नेमकी बारीक पूड तेव्हाही हवेत तरंगत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाच्या पुडीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत बसवलंय.

सगळं आवरल्यावर उरते ती चिंधी. पॉलिशसाठी पेंटर जे बेलतेल वापरतात, ते उकळलेलं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस. हे तेल वाळताना हवेशी संयोग पावतं आणि तापतं. चोळामोळा करून भुशात फेकलेल्या चिंधीतली ही ऊब बाहेर पडत नाही, आणि काडी न ओढताही ती पेट घेऊ शकते. वैशाखातल्या पत्र्याखाली तर विचारूच नका. म्हणून अशा चिंध्या मी मोकळ्या हवेत, पसरून, दोरीवर वाळत घालतो.

त्यावर आईचं म्हणणं एवढंच, की धुतल्याशिवाय चिंधी दोरीवर घालायची नाही, आणि घालायचीच असेल तर तिच्या लुगड्याशेजारी नको.